गोरेपणाचा जमाखर्च

माणसाच्या कातडीच्या रंगासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढे आमच्याकडच्या ज्वारीच्या जातींनाही नसतील. गोरीपान, गोरीगोमटी, केतकी, उजळ, गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी अशी ही प्रतवारी आहे आणि ती आडत दुकानातल्या प्रतवारीइतकीच काटेकोर आहे. त्यातल्या ‘निमगोरी’ या शब्दाचे मला फार कौतुक वाटते. हा शब्द ज्याने काढला त्याला आमच्या बँकेने वसुली विभागात ताबडतोब घ्यायला हवे होते. बुडीत निघालेले कर्ज ‘अंशतः वसूल’ म्हणून अहवालात बसवण्याचे कसब ज्याला साधले, तोच असा शब्द काढू जाणे. आता तर्काने पाहिले तर जी निमगोरी ती निमकाळीही असणारच. पण ‘मुलगी निमकाळी, गृहकृत्यदक्ष’ असे कुठल्या माहितीपत्रकात छापलेले तुम्ही वाचले आहे काय?

लोहारा हे धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. आमची शाखा इथे आहे आणि बदलीच्या कृपेने मीही इथे आहे. इथे ऊन फुकट मिळते, सावलीला मात्र झाड शोधावे लागते. मार्च ते जून या काळात गोरे राहणे फक्त मिठाच्या पोत्याला जमते. इथून तुळजापूर काही फार लांब नाही. तिथली आई भवानी काळ्या पाषाणाची. अख्खा जिल्हा तिच्या पायांवर डोके ठेवतो, नवस बोलतो, आणि नवसात मागतो काय, तर गोरी सून! आई ऐकून घेते, हा तिचा मोठेपणा.

नवस फळायला वेळ लागतो. तोपर्यंत जनरल स्टोअर्समध्ये क्रीम मिळते. दारातच पुड्यांच्या माळा लोंबत असतात. एका बाजूला गुटख्याच्या जागी आता बडीशेप, दुसऱ्या बाजूला गोरेपणा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध रसवंतीगृहापुरता. पण द्विनोंदी पद्धत माझ्या अंगात मुरली आहे. जमेला काही आले की नावे काहीतरी पडलेच पाहिजे, हा आमच्या धंद्याचा वेद आहे. तेव्हा जमेच्या बाजूला ‘गोरेपणा’ अशी नोंद दिसली की माझा डोळा आपोआप नावेच्या बाजूला जातो. आठ दिवसांत रंग उजळला, ठीक. पण हा खर्च कोणत्या खात्यावर टाकला? ते शोधताना असे दिसले की ही खतावणी दोन-अडीच हजार वर्षे जुनी आहे, आणि तिची नावेची बाजू दर पिढीत कुणीतरी कोरीच ठेवलेली आहे.

पहिले पान शिशाचे. ग्रीक आणि रोमन लोक शिशाचे पत्रे आंबवलेल्या द्राक्षारसाच्या, म्हणजे व्हिनेगरच्या वाफेवर ठेवीत आणि त्यावर धरलेली पांढरी पूड खरवडून घेत. हाच शिशाचा सफेता. दाराला लावला तर रंग, गालाला लावला तर सौंदर्य. युरोपातल्या थोर घराण्यांतल्या बायकांनी तो शतकानुशतके तोंडाला फासला. आता शिसे अंगात भिनले की केस गळतात, हात कापतात, पोटात कळा येतात आणि मुख्य म्हणजे कातडी खराब होते. कातडी खराब झाली की ती झाकायला सफेत्याचा आणखी एक थर. थकलेले व्याज भरायला नवे कर्ज काढावे, तसा हा प्रकार. याचा शेवट कुठे होतो हे बँकेत काम करणाऱ्याला सांगायला नको.

अठराव्या शतकात मारिया गनिंग नावाची एक आयरिश मुलगी लंडनला आली. घरची गरिबी, पण रूप असे की तिला पाहायला रस्त्यात गर्दी जमे. त्या रूपाच्या जोरावर ती कॉव्हेंट्रीच्या उमरावाची बायको झाली. आता जिला पाहायला गर्दी जमते तिने तोंडाला काही लावायची गरज काय? पण उमरावीण झाल्यावर सफेता आलाच. नवऱ्याला तो आवडत नसे. भर मेजवानीत त्याने रुमालाने तिचे तोंड पुसले, अशी गोष्ट सांगतात. एवढ्या लांबच्या काळातला हा एक नवरा मला फार जवळचा वाटतो. १७६० साली मारिया वारली तेव्हा ती ऐन सत्ताविशीत होती. तिला तिच्या सफेत्याने नेले, असेच तेव्हापासून सांगितले जाते.

जपानात तर हे प्रकरण थेट बादशहासमोर उघडकीस आले. १८८७ साली तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या वाड्यात मेईजी बादशहासाठी काबुकी नाटकाचा खास प्रयोग झाला. नाकामुरा फुकुसुके हा नामांकित नट तोंडाला पांढरा रंग लावून उभा राहिला आणि त्याचा पाय थरथरू लागला. बादशहापुढे कुणाचाही पाय थरथरेल, असे आपण म्हणू. पण त्याला शिशाची बाधा झाली होती. वर्षानुवर्षे तोंडाला लावलेली पावडर पायात उतरली होती. त्यानंतर बिनशिशाची पावडर शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले, ती बाजारातही आली. पण शिशाची पावडर पुरती हद्दपार व्हायला १९३० चे दशक उजाडले. कारण काय, तर शिशाची पावडर चेहऱ्यावर जास्त छान बसे!

हे सगळे साहेबांचे नि जपान्यांचे झाले, म्हणून आपण मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. आपल्याकडे गावोगावच्या नाटकांत आणि सोंगांत राजा, राणी, प्रधान सगळे तोंडाला मुरदाडशिंग फासून बोर्डावर येत. हे मुरदाडशिंग म्हणजे शिशाची भस्मच. हनुमंताला आपण लावतो तो शेंदूर, तोही पूर्वापार शिशाचाच. देवाला चालते, कारण देव दगडाचा असतो. ‘आमचे सगळे नैसर्गिक आहे हो’ असे सांगणारे विक्रेते मला भेटतात तेव्हा मी नम्रपणे सांगतो, की शिसे नैसर्गिक आहे, पाराही नैसर्गिक आहे आणि विंचूसुद्धा नैसर्गिकच आहे. आमच्या आज्यांनी लावलेली हळद, डाळीचे पीठ आणि साय यांना मी काही म्हणत नाही. त्यांनी फार तर गोरेपणा येत नाही. घरची डाळ, घरची साय. जमा शून्य, नावे शून्य. तेरीज जुळते.

दुसरे पान पाऱ्याचे, आणि हे पान अजून चालू आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. उन्हापासून वाचवायला निसर्गाने दिलेली ती छत्री. ते तयार करणाऱ्या यंत्राला तांब्याची गरज लागते. पारा तिथे शिरतो, तांब्याला उठवून त्याच्या खुर्चीवर स्वतः बसतो आणि काम बंद पाडतो. आमच्या कचेरीत अशी बदली पुष्कळदा होते, त्यामुळे मला हे चटकन समजले. रंगाचे उत्पादन थांबले की कातडी उजळ दिसू लागते. क्रीम लावणाऱ्याला वाटते, गुण आला. आणि गुण खरोखरच येतो, हीच यातली मेख आहे. पारा खोटे बोलत नाही. तो फक्त पुढचे सांगत नाही.

पुढचे असे, की पारा कातडीवर थांबत नाही. तो आत मुरतो, रक्तात जातो आणि मूत्रपिंडात मुक्काम करतो. मूत्रपिंडात लाखो बारीक चाळण्या असतात. त्या चाळण्यांना भोके पडली की अंगातली प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, पाय सुजतात. चेहरा भरल्यासारखा दिसला की शेजारपाजारचे म्हणतात, ‘तब्येत सुधारली बरं का!’

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत असली पाऱ्याची मलमे वांगाच्या डागांवर म्हणून सर्रास विकली जात. १९७३ साली तिथे त्यांच्यावर बंदी आली. आपल्याकडेही औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत पाऱ्याला मज्जाव झाला. २०२० च्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. माझ्या भाषेत सांगायचे तर दहा लाखांच्या रोकडीत एक रुपयाची तफावत चालेल, दोनची नाही. बँकेत आम्ही एक रुपयासाठीही रात्री नऊपर्यंत बसतो, ते सोडा. २०१४ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने ३२ क्रीम तपासली, त्यांतल्या १४ मध्ये पारा निघाला. पण सगळ्यांत मोठा आकडाही दोन रुपयांच्या आतच होता. म्हणजे बाजारातल्या बड्या नावांची तफावत रुपया-दोन रुपयांची. खरी अफरातफर वेगळ्याच काउंटरवर चालते.

ती अकोल्यात उघडकीस आली. एक कॉलेजात शिकणारी मुलगी, विषय जैवतंत्रज्ञान, म्हणजे माझ्यासारखी रसवंतीगृहाची पदवीधर नव्हे. तिने एका ब्यूटिशियनकडून क्रीम घेतले. रंग उजळला, लोक नावाजू लागले. ते पाहून आईने लावले, मोठ्या बहिणीने लावले. २०२२ साली तिघींचीही मूत्रपिंडे आजारी पडली. एकाच घरातल्या तिघींना एकदम एकच दुखणे कसे, हे कोडे मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले. घरात नवे काय आले, याचा शोध घेता घेता गाडी क्रीमवर येऊन थांबली. मुंबईतल्याच केळकर ट्रस्टच्या प्रयोगशाळेत ते क्रीम तपासले, तर पारा हजारांच्या घरात! दहा लाखांत एक रुपया चालतो, तिथे हजारो रुपयांचा घोटाळा. जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतून ही बातमी आली तेव्हा आमच्या शाखेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आमचे हेडकॅशियर म्हणाले, ‘‘एवढी तफावत आपल्याकडे निघाली असती तर सस्पेंड झालो असतो.’’ त्या क्रीमला सस्पेंड करायला तीन माणसे आजारी पडावी लागली.

हे एकट्या अकोल्याचे नाही. केरळातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार दिसला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. समाधानाची गोष्ट एवढीच, की क्रीम बंद केल्यावर बहुतेक जण सुधारले. चाळणी नवी मिळत नाही, पण वेळेवर थांबले तर जुनी सावरते.

तिसरे पान रबरी हातमोज्यांचे आहे. १९३९ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठू लागले. शोध घेता कळले, की त्यांच्या रबरी हातमोज्यांत रबर लवकर विटू नये म्हणून हायड्रोक्विनोनच्या कुळातले एक रसायन घातलेले होते. ते रबर टिकवीत होते आणि माणसाचा रंग उडवीत होते. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. पण जगात व्यापारी नावाची जात आहे. त्यांनी विचार केला, रंग उडतो ना? मग हातमोजे कशाला, डबीत भरू! पुढे हायड्रोक्विनोनची मलमे निघाली. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीपुरते ते औषध म्हणून चालते. पण दक्षिण आफ्रिकेत लोकांनी ती वर्षानुवर्षे चोपडली, आणि १९७५ साली तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवले की अशा चेहऱ्यांवर निळसर काळे डाग पडताहेत, आणि ते जाता जात नाहीत. गोरे व्हायला गेले आणि आहे तोही रंग गमावून बसले. १९९० साली त्या देशाने त्यावर बंदी घातली.

आपल्याकडे मात्र डबीतल्या गोरेपणाची सुरुवात सभ्यपणे झाली. १९१९ साली मुंबईत अफगाण स्नो निघाला. स्नो म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचा, साबणाच्या नात्यातला थंडगार फेस. लावला की दिसेनासा होई. १९७५ साली गोरेपणाचे नाव उघडपणे घेणारे क्रीम बाजारात आले. त्यातला मुख्य घटक नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. तो काही विष नव्हे. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला गोरेपणा गेला आणि तेज आले. आमच्या जिल्ह्याचेही नाव २०२३ साली बदलले. एसटीची वेळ आणि जनरल स्टोअर्समधले गिऱ्हाईक मात्र तेच राहिले. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अजूनही लोक जुनेच नाव घेऊन पुडी मागतात.

सध्याचे पान स्टेरॉइडचे आहे, आणि हे मी वाचलेले नाही, पाहिलेले आहे. आमच्या घरमालकीणबाईंची भाची माकणीहून इथे शिकायला आली. गव्हाळ रंगाची, हुशार, हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. स्थळे पाहायला सुरुवात झाली तसे कुणीतरी तिला एक ट्यूब आणून दिली. कुठून, ते विचारू नका. पंधरा दिवसांत चेहरा असा नितळ झाला की मालकीणबाई तिची दृष्ट काढू लागल्या. तीन महिन्यांनी ट्यूब संपली आणि चेहरा लालबुंद झाला. उन्हात गेली की आग, चुलीपुढे बसली की आग, बारीक पुरळ, गालांवर लाल रेघांचे जाळे. पुन्हा ट्यूब लावली की सगळे शांत. ‘‘काकी, मला ती सोडवंना गेलीय,’’ असे ती मालकीणबाईंना म्हणाली. दारूच्या बाबतीत हे वाक्य मी पुष्कळ ऐकले होते, क्रीमच्या बाबतीत पहिल्यांदाच ऐकले. शेवटी सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, स्टेरॉइड आहे, बंद करा, चेहरा निवळायला महिने लागतील.

स्टेरॉइड हे मोठे गुणी औषध आहे, पण योग्य जागी आणि योग्य दिवस. ते रक्तवाहिन्या आकसते, म्हणून चेहरा लगेच फिका दिसतो. पण रोज लावले तर कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते. १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन नावाच्या डॉक्टरांनी वांगासाठी तीन औषधे एकत्र करून मलम सांगितले होते. त्यात एक स्टेरॉइड होते. आपल्याकडे त्याच चालीवरच्या ट्यूब ‘गोरे होण्याचे क्रीम’ म्हणून हातोहात गेल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रोग्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला असले स्टेरॉइड लावत होते. २०१८ च्या मार्चमध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पण चिठ्ठी लागते म्हणून कुणाचे अडले आहे? आपल्याकडे वहिनी, मावशी आणि जाऊबाई या तिघीही तज्ज्ञ असतात.

तेव्हा ट्यूब हातात घेतली की धनादेश तपासतो तशी ती तपासावी. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आहे का, परवाना क्रमांक आहे का, बॅच आणि मुदत आहे का, आत काय घातले आहे याची यादी आहे का. बिनसहीचा धनादेश आपण परत करतो, तशी बिननावाची डबी परत करावी. क्लोबेटासोल, मोमेटासोन, बीटामेथासोन अशी नावे दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय झाकण उघडू नये. नावाच्या शेवटी ‘सोन’ आले म्हणजे ते सोने नव्हे. आणि ‘आम्ही घरीच बनवतो, पंधरा दिवसांत फरक पाहा’ असे कुणी म्हणाले, तर पंधराव्या दिवसानंतर काय, एवढे जरूर विचारावे. लावून झाले असेल आणि पायांवर सूज दिसत असेल, तर डबी पिशवीत घालून सरळ डॉक्टरकडे जावे आणि लघवी तपासून घ्यावी. लाजू नये. लाज डबी विकणाऱ्याला वाटायला हवी.

एक खूण तर फारच नामी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवले आहे, की क्रीमच्या वेष्टनावर ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नये’ अशी सूचना असेल तर त्यात पारा असण्याचा संभव असतो, कारण पारा सोन्यालाही चिकटतो आणि खातो. मी ही खूण घरमालकीणबाईंना वाचून दाखवली, तर त्या हातातले लाटणे तसेच धरून म्हणाल्या, ‘‘म्हणजे लग्नासाठी गोरं व्हायचं, आन् लग्नात दागिने घालायचे न्हाईत? मग ते लग्न कशाला?’’ अडीच हजार वर्षांचा हा हिशेब मला चार पाने लागली, त्यांनी एका वाक्यात बंद केला. भाचीचा चेहरा आता निवळला आहे, पूर्वीचा गहू परत आला आहे, आणि ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. हिशेब पक्का असल्यामुळे तिची मला थोडी भीतीच वाटते.

आमच्या शाखेत सोनेतारण कर्ज मिळते. त्यासाठी एक सोनार येतात. गिऱ्हाईक पाटल्या काढून देते, सोनार आपल्या थैलीतून एक गुळगुळीत दगड काढतात, त्यावर दागिना घासतात, वर आम्लाचा थेंब सोडतात आणि सोने खरे की खोटे ते सांगतात. लाखोंचे कर्ज त्या दगडाच्या शब्दावर मंजूर होते. तो दगड काळा कुळकुळीत आहे. पांढऱ्या दगडावर सोन्याची रेघ नीट दिसत नाही, असे सोनार म्हणतात.